विठोबा, सुख राहू दे मज

नागपूरच्या इतवारीतल्या ज्या साड्यांच्या दुकानात माझे बाबा नोकरीला होते, तिथं प्रत्येक साडीला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधलेली असायची. बोटाच्या पेराएवढी, जाड पिवळट कागदाची. तिच्यावर आकडा कधीच नसे. जांभळ्या पेन्सिलीनं लिहिलेली दोन-तीन अक्षरं, बस. वठज. दख. ठवज. मला आधी वाटायचं, ही साड्यांची नावं असतील. पैठणी, इरकली, तशी एखादी वठज.

साल १९८३. कपिलच्या टीमनं वर्ल्ड कप जिंकला ते. मी अकरा वर्षांची, आणि सुट्टीत बाबांचा डबा महाल भागातून इतवारीत पोचवायचं काम माझ्याकडे. बाबांचं जेवण होईपर्यंत गादीच्या कोपऱ्यात बसून राहायचं, गिऱ्हाइकांच्या मधे यायचं नाही, आणि मालकांनी विचारलं तरच बोलायचं. एवढ्या अटींवर माणूस काय करणार? चिठ्ठ्या वाचणार.

रफ वहीच्या मागच्या पानावर मी अक्षरं उतरवून काढायला लागले. चाळीस-पन्नास चिठ्ठ्या झाल्यावर एक गोष्ट दिसली: जवळजवळ सगळ्या चिठ्ठ्या ज नाहीतर ख वर संपत होत्या. ज तर इतका, की बाकीची अक्षरं त्याच्या पासंगालाही पुरत नव्हती. तेव्हा कळलं की ही नावं नव्हेत, भाव आहेत. दुकानदार माल घेतो तो एकशे वीसला, पंच्याऐंशीला, दोनशे दहाला. एकशे त्रेपन्नला कोण घेतं? म्हणजे ज हे शून्य असणार आणि ख पाच.

पुढचं काम माझ्या मावशीनं केलं, तिच्या नकळत. ती साडी घ्यायला आली तेव्हा मालक मोठ्या मनानं म्हणाले, "घरच्याच आहेत, पडतळीत देऊन टाका." पडतळ म्हणजे दुकानाला माल घरात ज्या भावानं पडला तो. चिठ्ठीवर होतं वसख. मावशीनं मोजले एकशे पंचेचाळीस. व एक, स चार, ख पाच. ख बद्दलचा माझा अंदाज बरोबर निघाला तेव्हा पोटात जे काही झालं, तसं पुढे बँकेच्या परीक्षेचा निकाल लागला तेव्हाही झालं नाही. मग शेजारच्या काकू आल्या आणि पडतळीत पंच्याऐंशीची घेऊन गेल्या (दख), मग मालकांच्याच नात्यातलं कुणी दोनशे दहाची (ठवज). माझ्या वहीत आता असं झालं होतं: व, ठ, रिकामं, स, ख, रिकामं, रिकामं, द, रिकामं, ज.

आणि एक दिवस डबा लवकर घेऊन गेले. दुकान नुकतंच उघडत होतं. मालक गल्ल्यावरच्या तसबिरीला उदबत्ती ओवाळत रोजच्यासारखं पुटपुटले, "विठोबा, सुख राहू दे मज."

व, ठ, ब, स, ख, र, ह, द, म, ज. दहा अक्षरं, एकही दुसऱ्यांदा येत नाही. एकपासून नऊ, मग शून्य. मला उभ्याउभ्या घाम फुटला.

हे सगळं आज आठवायचं कारण माझा भाचा. आठवीत आहे. शाळेनं सुट्टीत 'सांकेतिक लिपी' या विषयावर प्रकल्प करायला सांगितलाय आणि कूलरसमोर लोळत त्यानं मोबाइलवर चार गोष्टी वाचल्यात. परवा माझ्यापुढे कागद सरकवला. "आत्या, हे सोडवून दाखव. दिवसभर वेळ देतो." कागदावर होतं: ली छशी आखे.

मी म्हटलं, "तू घरी आहेस ते दिसतंच आहे मला. अभ्यासाला बस."

त्यानं वापरली होती ती सीझरची पद्धत. ज्युलियस सीझर आपल्या खाजगी पत्रांत प्रत्येक अक्षराऐवजी वर्णमालेतलं तीन घरं पुढचं अक्षर लिहायचा, असं सुएटोनिअस या रोमन चरित्रकारानं लिहून ठेवलंय. पुढे ऑगस्टस एकच घर सरकायचा, आणि वर्णमाला संपली की पुन्हा पहिल्या अक्षरावर यायचं सोडून दोन ए लिहायचा. सम्राटाला कोण सांगणार? मराठीत हेच करायचं तर क पासून ळ पर्यंत चौतीस व्यंजनं ओळीत मांडायची, तीन घरं पुढे जायचं, ळ च्या पुढे पुन्हा क. न चा ब, ग चा च, प चा भ, र चा श. नागपूरचं झालं बाचभूश. संत्री म्हणजे कंध्शी. ही खायला कशी लागेल कोण जाणे.

पण भाच्यानं जे केलं तेच मराठीत सगळे करतात: व्यंजनं बदलली आणि काना, मात्रा, वेलांट्या तशाच ठेवल्या. मराठी माणसाला तेवढं पुरतं. वाक्याच्या शेवटी दोन अक्षरी शब्द, पहिलं आ, दुसऱ्यावर मात्रा. 'आहे'शिवाय तिथं काय येणार? ह चा ख झाला म्हणजे तीन घरं, आणि तीन कळलं की सगळं कळलं. 'आई' हा शब्द तर या पद्धतीत लपतच नाही. व्यंजनच नाही त्यात. कितीही घरं सरका, आई ती आईच.

भाचा हिरमुसला. मग त्याला सांगितलं की सीझरची युक्ती तशीही लंगडी आहे. चौतीस व्यंजनं म्हणजे फार तर तेहतीस वेळा करून बघायचं, दुपारचा चहा होईपर्यंत निकाल. त्यापेक्षा बरं म्हणजे अक्षरांच्या जोड्या मनमानी लावायच्या. हा प्रकार आपल्याकडेही जुना. कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी आहे, तिच्यात गाणं, नाचणं, फुलांची रचना यांच्या पंगतीत 'म्लेच्छितविकल्प' ही एक कला येते, म्हणजे गूढ करून लिहिणं-बोलणं. यशोधराच्या जयमंगला या कामसूत्रावरच्या टीकेत याच्या पद्धती दिल्यात. त्यातल्या 'मूलदेवीय' पद्धतीत अक्षरं जोडीजोडीनं अदलाबदल होतात: ख आणि ग, च आणि ट, त आणि प, न आणि म, र आणि ष. नागपूर होतं माखतूष. सोय अशी की उलगडायला वेगळं काही शिकायला नको. तीच अदलाबदल पुन्हा केली की माखतूषचं नागपूर परत येतं. (कामसूत्राचं नाव काढल्यावर भाच्याचे कान टवकारले. त्याला म्हटलं, प्रकल्पात 'एका प्राचीन ग्रंथात' एवढंच लिही.)

जोड्या मनाला येतील तशा लावल्या तर करून बघायच्या शक्यता मोजता येणार नाहीत इतक्या होतात. तरीही हे फुटतं, आणि फुटतं ते माझ्या रफ वहीतल्याच रीतीनं. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं ती लिहून ठेवली: त्या भाषेतला साधा मजकूर घ्या, कुठलं अक्षर किती वेळा येतं ते मोजा, मग गूढ मजकुरातली अक्षरं मोजा, आणि जास्तीला जास्ती, कमीला कमी लावत जा. अक्षराचा चेहरा बदलता येतो, त्याची वर्दळ बदलता येत नाही. मी अकराव्या वर्षी ज मोजले तेव्हा अल-किंदीचं नावही ऐकलेलं नव्हतं.

आता मला खरं आवडतं ते. आपली वर्णमाला ही मुळातच सायफरसाठी, म्हणजे अक्षर-अक्षर गूढ करून लिहिण्यासाठी, आखून ठेवल्यासारखी आहे, आणि शाळेत हे कुणीच सांगत नाही. क वर्ग, च वर्ग, ट वर्ग, त वर्ग, प वर्ग. पाच ओळी, पाच रकाने, पंचवीस अक्षरं. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानं मशालींनी निरोप पाठवायची पद्धत लिहिली, त्यात त्यानं आपली चोवीस अक्षरं अशाच पाच गटांत बसवली. डावीकडे जितक्या मशाली तितवा गट, उजवीकडे जितक्या तितवं अक्षर. त्याला अक्षरं गटांत वाटावी लागली, शिवाय शेवटच्या गटात एक कमीच पडलं. आपण बालवाडीत फळ्यावर बघत आलो तो तक्ता आयता तोच. न म्हणजे चौथी ओळ, पाचवं अक्षर: ४५. ग १३. प ५१. र साठी खाली य, र, ल, व ही सहावी ओळ धरा: ६२. नागपूर म्हणजे ४५, १३, ५१, ६२. सुरुवातच आमच्या मे महिन्याच्या पाऱ्यानं होते, हा योगायोग मानायला मी तयार नाही.

हा तक्ता कुणाच्या लक्षात आला नव्हता असं मात्र नाही. काटोलकडच्या एका लग्नानंतर मी गोंधळ बघितला होता. दोघं गोंधळी. एक प्रेक्षकांत फिरत होता, दुसरा लांब संबळाजवळ उभा. फिरणाऱ्याच्या कानात माझ्या मामानं त्याच्या बैलाचं नाव सांगितलं. त्यानं तोंडातून ब्र काढला नाही, हात मात्र हलवले, भराभर, नाचल्यासारखे. आणि लांबच्यानं बैलाचं नाव खणखणीत सांगितलं. बायकांनी देवीचं नाव घेऊन हात जोडले. मी हातांकडे बघत राहिले. ती करपल्लवी होती, हे पुष्कळ वर्षांनी कळलं.

करपल्लवीत आधी हाताची मुद्रा करून वर्ग सांगतात. नागाचा फणा, म्हणजे अहिफण, हा स्वरांसाठी. कमळ म्हणजे क वर्ग, चक्र म्हणजे च वर्ग, टंकार म्हणजे ट वर्ग, तरू म्हणजे त वर्ग, पल्लव म्हणजे प वर्ग, यौवन म्हणजे य-र-ल-व, शृंगार म्हणजे श पासून पुढचे. नीट बघा: मुद्रेचं नावच त्या वर्गाच्या अक्षरानं सुरू होतं, त्यामुळे पाठ करायला काही उरतच नाही. मग बोटं दाखवायची, म्हणजे वर्गातलं कितवं अक्षर. मग चुटक्या, म्हणजे बाराखडीतलं कितवं रूप. 'राम' सांगायचं तर यौवनाची मुद्रा, दोन बोटं, दोन चुटक्या (रा). पल्लवाची मुद्रा, पाच बोटं, एक चुटकी (म). पॉलिबियसच्या मशालींना मात्रा दाखवता येत नव्हत्या. चुटकीनं तेही साधलं. भाच्याला मी हे शिकवलं आणि एका दुपारीत तो माझ्यापेक्षा वेगानं करायला लागला. आता जेवताना समोरासमोर बसून तो बहिणीला काहीतरी सांगतो आणि दोघं हसतात. माझ्याविषयी असतं, एवढं नक्की.

या सगळ्यात अक्षरं बदलतात. दुसरा मार्ग म्हणजे अक्षरं तीच, जागा बदलायची. तो मराठी पोरींना वेगळा शिकवावा लागत नाही; च ची भाषा. चलाम चयका? (मला काय?) शब्दाचं पहिलं अक्षर उचलून शेवटी टाकायचं आणि पुढे च लावायचा. आमच्या वर्गात ती सगळ्यांना यायची, बाईंनाही यायची, म्हणजे गुपित म्हणून तिचा उपयोग शून्य. पण बोलताना वाटायचं मात्र झकास.

आणि तिसरा प्रकार म्हणजे अख्ख्या शब्दाला किंवा वाक्याला एक खूण, तो खरा कोड. लग्नाच्या शुभेच्छांची तार करताना पूर्ण मजकूर लिहायची गरज नसे. फॉर्मवर ८ आकडा घातला की पलीकडे 'दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा' या अर्थाचं छापील इंग्रजी वाक्य पोचायचं. लपवायचं काही नव्हतं, पैसे वाचायचे. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली, आता शुभेच्छांना कुणी आकडे मोजत नाही. बाजारातली नंदभाषाही याच जातीची. उधानू म्हणजे तीन, मुळू म्हणजे पाच. दलाल गिऱ्हाइकासमोर बिनदिक्कत बोलणार आणि गिऱ्हाईक तोंडाकडे बघत बसणार.

जाता जाता मोडीबद्दल. नागपूरकर भोसल्यांच्या काळची कागदपत्रं बघून लोक म्हणतात, मोडी ही गुप्त लिपी होती. नव्हती हो. हात न उचलता भराभर लिहायची लिपी होती ती. आपल्याला वाचता येत नाही, हा आपला दोष, तिचा डाव नव्हे.

भाच्याचा शेवटचा प्रश्न होता की मग मोजून फुटणारच नाही असं काही करता येतं का. येतं, निदान अवघड तरी करता येतं. प्रत्येक अक्षर सारखंच न सरकवता एक शब्द किंवा आकडा ठरवायचा आणि त्याप्रमाणे आळीपाळीनं सरकवायचं. समजा ३, १, ४. नागपूरमधला न तीन घरं, ग एक घर, प चार घरं, र पुन्हा तीन: बाघमूश. आता एकाच अक्षराचे निरनिराळे चेहरे होतात आणि अल-किंदीची मोजणी गडबडते. ही युक्ती १५५३ मध्ये बेलासो नावाच्या इटालियन माणसानं छापली, आणि नाव लागलं नंतरच्या व्हिजनेअर या फ्रेंच माणसाचं. हेही ओळखीचंच, राबतो कोण, पाटी कुणाची. ती फुटत नाही असं लोक तीनेकशे वर्षं धरून चालले. १८६३ मध्ये कासिस्की या जर्मन माणसानं ती फोडायची रीत छापली: मजकुरात तेच तुकडे किती अंतरानं पुन्हा येतात ते बघा, त्यावरून ठरवलेला शब्द किती लांबीचा ते निघतं, आणि लांबी कळली की उरतात नुसते सीझर.

स्कॉटलंडच्या राणी मेरीकडे एवढंही नव्हतं. कैदेतून ती गूढ अक्षरांत पत्रं लिहायची आणि आपलं लिहिणं कुणाला कळत नाही या भरवशावर इंग्लंडच्या राणी एलिझाबेथला मारायच्या कटाविषयी १५८६ मध्ये मोकळेपणानं लिहून बसली. प्रत्येक पत्र वाटेतच उघडलं जात होतं. फेलिप्स नावाचा तरबेज माणूस ते वाचायचा, आणि एका पत्राखाली तर त्यानं तिच्याच सायफरमध्ये चार ओळी स्वतःच्या जोडल्या, कटातल्या बाकीच्यांची नावं विचारणाऱ्या. पुढच्या फेब्रुवारीत मेरीचं डोकं उडालं. काहीच लपवलं नसतं तर तिनं इतकं उघड लिहिलंही नसतं.

आमच्याकडे डोकी उडाली नाहीत, चिठ्ठ्या उडाल्या.

दिवाळीचे दिवस, गादीवर पाय ठेवायला जागा नाही. कामठीकडच्या एक बाई एका साडीवर अडून बसल्या होत्या. मालक एकशे पासष्टच्या खाली यायला तयार नव्हते. "बाई, घरातच दीडशेला पडली," असं शपथेवर सांगत होते. चिठ्ठी माझ्या डोळ्यांसमोर लोंबत होती. वठज. मी कुणाचं वाईट करायला बोलले नाही, मला वाटलं मालक चुकले. म्हटलं, "बाबा, ही तर एकशे वीसची आहे नं?"

बाईंनी साडी एकशे तीसला नेली.

बाबा वाटेत एक शब्द बोलले नाहीत. गांधीबाग ओलांडल्यावर फक्त म्हणाले, "काहून बोलली वं तू?" मालक रागावले नाहीत, ते जास्त वाईट होतं. ते एवढंच म्हणाले, "पोट्टी हुशार आहे तुमची. दुकानात नका आणू." आणि विठोबाचा शब्द बदलला. अक्षरांची पद्धत तीच ठेवली, शब्द नवा. केर्कहॉफ्स नावाच्या डच माणसानं १८८३ मध्ये हेच लिहिलंय: पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, किल्ली तेवढी गुप्त हवी आणि ती हवी तेव्हा बदलता यावी. 'हवी तेव्हा' हे त्यानं इतवारीतली कपाटं न बघता लिहिलं असणार. सहा कपाटं. दुकानात तिघं बसून पुरेनात तेव्हा बाबा कोऱ्या चिठ्ठ्या आणि खरेदीची यादी घरी घेऊन आले. दोन रात्री ते भिंतीकडे तोंड करून लिहीत होते आणि आई चिठ्ठ्यांना दोरे ओवत होती. मला पाठ दिसायची फक्त. नवा शब्द मला कधीच कळला नाही. विचारायची हिंमतही झाली नाही.

दुकान आता नाही. मालक जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. गेल्या महिन्यात आईची ट्रंक उपसली तेव्हा तळाशी त्या दिवाळीची तिची साडी निघाली, गर्द हिरवी, काठ अजून लखलखीत. घडीच्या आत दोरा आणि दोऱ्याला चिठ्ठी. आईनं ती काढलीच नव्हती. जांभळी अक्षरं, बाबांच्या हातची: ळगच.

भाचा आणि मी तासभर बसलो. तीन अक्षरं म्हणजे शंभरच्या वरचा भाव. शेवटचं च बहुधा शून्य, नाहीतर पाच. पुढे काही नाही. मोजायला मजकूरच नाही, आणि पडतळीत घेऊन जाणारी मावशीही नाही.

शेवटी चिठ्ठी बाबांकडे घेऊन गेले. ते चौऱ्याऐंशीचे आहेत. चष्मा लावून त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. नवा शब्द काय होता, विचारलं. आठवत नाही म्हणाले. मग थोड्या वेळानं आपणहून म्हणाले, "मालकांनी पडतळीत दिली होती ही. एवढं झाल्यावरही."

"केवढ्याला?"

"ते लिहिलंय नं चिठ्ठीवर."